चेहऱ्याला हात

पिल-सुनने मंगळवारी घरी दाताचं कारण सांगितलं आणि शनिवारी लग्नाचं. दोन्ही वेळा तिने कुनसानहून सकाळची बस धरली आणि ती सोलला आली. दाताला काही झालेलं नव्हतं आणि लग्न कुणाचंच नव्हतं. डेन्मार्कहून तिची मुलगी आली होती. अशी एक मुलगी आहे हे तिच्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं, मुलाला ठाऊक नव्हतं, सुनेला तर नव्हतंच.

मंगळवारची भेट संस्थेच्या कार्यालयात झाली. याच संस्थेने सदतीस वर्षांपूर्वी ते मूल परदेशी दत्तक दिलं होतं. पिल-सुन तेव्हा प्लायवूडच्या कारखान्यात कामाला होती. त्या मुलीचा बाप सौदीला बांधकामावर गेला होता, त्याची पत्रं आधी कमी झाली आणि मग थांबली. बाकी सांगण्यासारखं फार नव्हतं. तिने ते सांगितलं आणि दुभाषीने ते इंग्रजीत केलं. मध्ये टेबल होतं. पलीकडे मुलगी बसली होती. नाव सिग्ने, उंच, केस बारीक कापलेले. समुद्राकाठच्या एका गावात ती लोकांना शिडाच्या होड्या चालवायला शिकवते, असं कळलं. तिने आल्या आल्या "पिल-सुन" अशी हाक मारली, तेव्हा दुभाषी दचकली. पिल-सुनही दचकली. कित्येक वर्षांत तिला नावाने कुणी हाक मारली नव्हती. नवऱ्यापासून कोळणीपर्यंत सगळ्यांसाठी ती, मुलाच्या नावाने, "की-तेची आई" होती.

निघताना सिग्नेने तिला मिठी मारली. पिल-सुनचं डोकं तिच्या खांद्याच्याही खाली राहिलं. लोकरीचा वास आला, परक्या साबणाचा वास आला. चेहरा वरच राहिला.

परतीच्या बसमध्ये पिल-सुनच्या मनात एकच गोष्ट होती. त्या चेहऱ्याला हात लावायचा राहिला.

यात हळवेपणापेक्षा सवयीचा भाग जास्त होता. लग्नानंतर पंचवीसेक वर्षं तिने कुनसानमध्ये दारोदार सौंदर्यप्रसाधनं विकली होती. खांद्याला चौकोनी बॅग अडकवायची, ठरलेल्या घरी जायचं, जमिनीवर चटई टाकायची. घरातली बाई आडवी व्हायची, डोकं पिल-सुनच्या मांडीवर. मग क्रीम लावून चेहरा चोळायचा. पहिली काही मिनिटं बाई पोरांच्या शाळेबद्दल बोलायची. मग गप्प व्हायची, आणि मग खरं काय ते बोलायला लागायची. बंदरावरच्या किती बायकांचे नवरे कुठे जातात हे पिल-सुनला पोलिसांच्या आधी माहीत असायचं. चेहरा हातात आला की बाई खोटं बोलत नाही, असं तिचं मत होतं. मग भाषा तरी कशाला लागेल, असं तिला बसमध्ये वाटलं. टेबल नको, कागदी रुमालांचा डबा नको, दुभाषीही नको. एकदा चेहरा हातात येऊ दे.

रविवारी सिग्नेचं विमान होतं. म्हणजे शनिवारचा दिवसच काय तो हातात होता.

दुभाषीचं नाव सन-जू. पन्नाशीची, विमानात हवाई सुंदरी म्हणून नोकरी केलेली, आता संस्थेसाठी बिनपगारी काम करणारी. शुक्रवारी तिचा फोन आला, तेव्हा पिल-सुन किमचीसाठी कोबी मिठात घालत होती. ती फोन घेऊन अंगणात गेली.

"ताई, उद्याचं विचारायचं होतं. सिग्ने म्हणते राजवाडा पाहून झाला. तिच्या मैत्रिणींनी चेहऱ्याचे मास्क आणि क्रीम आणायला सांगितलंय. म्योंगडोंगच्या बाजारात जाऊ या का, तुम्हाला कंटाळा येणार नसेल तर?"

"मला कंटाळा?" पिल-सुन म्हणाली. "मला?"

ती इतक्या जोरात बोलली की आतून नवऱ्याने कोणाशी भांडतेयस असं विचारलं.

म्योंगडोंग तिला दुसऱ्याही कारणाने बरं वाटलं. तिथे सगळे पाहुणेच असतात. जपानी, चिनी, मलेशियाच्या डोक्याला रुमाल बांधलेल्या मुली. कुनसानची बाई काही कामाला म्हणून तिथे यायची नाही, कारण तेच डबे कुनसानला स्वस्त मिळतात.

शनिवारी थंडी पडली होती. भुयारी स्टेशनाच्या तोंडाशी एक माणूस लोखंडी पिंपात रताळी भाजत होता. पिल-सुनने तीन घेतली आणि चालता चालता सोलून सिग्नेला दिली. सिग्नेने खाल्लं, जीभ भाजली, तोंडासमोर हात हलवला. सगळ्या हसल्या. सुरुवात चांगली झाली.

गल्लीत दोन्ही बाजूंना दुकानं, प्रत्येकाच्या दारात कानाला माइक लावलेली एक मुलगी. येणाऱ्याचा चेहरा पाहून त्या भाषा बदलत होत्या. सिग्नेकडे पाहून सगळ्याच कोरियन बोलत होत्या. "ताई, आत या, नुसतं बघून जा!" असं म्हणत एकीने तिच्या हातात एक मास्क कोंबला. सिग्ने प्रत्येकीला थांबून मान लववत होती आणि म्हणून पुढे सरकत नव्हती.

"अशाने संध्याकाळ होईल," पिल-सुन म्हणाली. "हिला सांग, यांच्याकडे बघायचं नाही. सरळ चालायचं."

सन-जूने सांगितलं. सिग्ने काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, इथे सगळे तिला आपली समजून बोलतात. तिला मजा वाटतेय."

 पुढच्या दोन दुकानांसमोर पिल-सुन स्वतःच थांबली.

दोन मजली दुकान तिने निवडलं ते वरच्या मजल्यामुळे. वर नळ, आरसे आणि स्टुलं मांडलेली असतात, चेहरा धुऊन लावून बघता येतं, हे तिला माहीत होतं. तिचा बेत साधा होता. खाली खरेदी करायची, वर मुलीला बसवायचं.

आत गेल्यावर ती बदलली. कार्यालयातल्या टेबलापाशी खांदे पाडून बसलेली बाई इथे नव्हती. ती डबे उचलून मागची बारीक अक्षरं डोळ्यांपासून लांब धरून वाचत होती आणि भराभर बोलत होती.

"हे मैत्रिणींना. हे नको, नुसता वास आहे. हे गोगलगायीच्या लाळेचं."

सन-जूने ते सांगितल्यावर सिग्नेने डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"ती विचारते, गोगलगायींना पगार मिळतो का?"

"म्हणावं, त्यांना घर मिळालंय. आमच्या की-तेला अजून नाही."

सिग्ने मोठ्याने हसली. हसताना तिने मान मागे टाकली, आणि पिल-सुनला तिची स्वतःची थोरली बहीण आठवली. तिने ते सांगितलं नाही. डब्यांकडे वळली.

याच वेळी दुकानातली मुलगी त्यांच्यापाशी आली. वीस-बावीस वर्षांची होती, छातीवर नारिम असं नाव. तिने आधी सिग्नेला सगळं सांगितलं, आज कशावर काय फुकट, कुठलं नवीन. सिग्नेने हसून दोन्ही हात पसरले. मुलगी पिल-सुनकडे वळली.

"आई, या ताई माझ्यावर रागावल्यात का? बोलतच नाहीत."

"तिला आपली भाषा येत नाही गं."

"अय्या! दिसतात तर अगदी आपल्या. कोण तुमच्या?"

पिल-सुनने आधी आजूबाजूला पाहिलं. ही जुनी सवय होती. पलीकडे दोन जपानी म्हाताऱ्या ओठांचे रंग लावून बघत होत्या. बाकी कुणी जवळ नव्हतं.

"मुलगी," ती म्हणाली. आणि मग, जणू नीट ऐकू गेलं नसेल म्हणून, "माझी मुलगी. थोरली."

काहीही झालं नाही. दुकानातलं गाणं चालू राहिलं. मुलीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"तरीच! कपाळ बघा ना, ठसा मारल्यासारखं. किती देखणी आहे हो, आई, तुमची मुलगी!"

पोरीचं कुणी कौतुक केलं की आईने तिला तिथल्या तिथे नावं ठेवायची. जी ठेवणार नाही ती एकतर गर्विष्ठ नाहीतर सावत्र. पिल-सुनने हे दारोदार पाहिलं होतं. बंदरावरच्या बायका मांडीवर डोकं ठेवून आपल्या मुलींच्या नाकाबद्दल, कमरेबद्दल, अकलेबद्दल तासन् तास बोलायच्या, आणि बोलताना त्यांचे चेहरे सैल व्हायचे. पिल-सुन ऐकून घ्यायची. तिच्याकडे बोलायला मुलगाच होता, आणि मुलाला नावं ठेवण्यात तेवढी गंमत नाही. आज कुणीतरी तिच्या मुलीला देखणी म्हणालं होतं.

"कसली देखणी!" ती म्हणाली. "तोंड बघ जरा जवळून. लावी पक्ष्याचं ठिपक्याठिपक्यांचं अंडं नुसतं. जन्मात कधी सनस्क्रीन लावलं असेल तर शपथ. दिवसभर पाण्यावर हुंदडायचं, टोपी घालायची नाही. छपरावर वाळत घातलेल्या मिरच्यासुद्धा कुणीतरी संध्याकाळी आत घेतं."

"ऐकत नाहीत हो, आई. मी पण नाही ऐकत," नारिम हसत म्हणाली.

"तुझं बरं आहे गं, तू सावलीत असतेस. आणि हे केस! आमचा की-ते लष्करात गेला तेव्हासुद्धा त्याचे एवढे कापले नव्हते. लग्न नाही, काही नाही. कोण करणार असल्या तोंडाशी?"

नारिम तोंडावर हात घेऊन हसली. पिल-सुनही हसली. पलीकडच्या जपानी म्हाताऱ्या, काही कळलं नसताना, हसल्या. पिल-सुनने बोट पुढे केलं आणि सिग्नेच्या गालापासून जरा अंतरावर धरून दाखवलं, इथे, इथे, आणि हे बघ, डोळ्याखाली तर किती. नारिमने लगेच डाग घालवायची, रंग उजळायची, रात्री लावायची अशी क्रीम काढून दिली. पिल-सुनने ती एकेक करून टोपलीत टाकली. मैत्रिणींचे मास्क त्याखाली गेले.

सन-जू यातलं काहीच इंग्रजीत करत नव्हती. सिग्ने टोपलीकडे बघत होती.

वर जिन्याच्या टोकाशी नळ होता. पिल-सुनने बाह्या दुमडल्या, हात धुतले, कोरडे केले आणि तळवे एकमेकांवर चोळून गरम केले. थंड हात चेहऱ्याला लावायचा नाही. स्टूल आरशापासून फिरवून तिने आपल्याकडे घेतलं आणि त्यावर थापटलं.

"बस म्हणावं. तिचं तोंड मी करते."

सिग्नेने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, पण ती बसली नाही. ती सन-जूशी बोलली, थोडकंच.

"ताई, ती विचारते, खाली सगळे कशाला हसत होते?"

"सांग की."

"सगळं?"

"सगळं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

सन-जूने एकदा पिल-सुनकडे पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली. ती प्रामाणिक दुभाषी होती. लावीच्या अंड्याला तिला शब्द सापडेना, तेव्हा तिने बोटांनी आकार करून त्यावर ठिपके काढून दाखवले. मिरच्या सांगितल्या. लग्नाचं सांगताना ती अडखळली, पण तेही सांगितलं. पिल-सुन मान डोलावत होती, हसऱ्या चेहऱ्याने, गोष्ट आता रंगात येईल अशी वाट बघत.

सिग्नेने टोपलीतला एक डबा काढला. झाकणावर इंग्रजीतही छापलेलं होतं. तिने ते वाचलं आणि डबा परत ठेवला. मग ती बोलली, शांतपणे, सन-जूला वेळ मिळावा म्हणून मध्ये थांबत.

"ती म्हणते, तिच्या शाळेत असा चेहरा असलेली ती एकटीच होती," सन-जू म्हणाली. "पोरं डोळे ओढून दाखवायची. ती म्हणते, नऊ वर्षांची असताना तिने ओटा घासायच्या पावडरीने तोंड घासलं. घरच्यांनी दवाखान्यात नेलं. तिचे आईवडील चांगले आहेत, ती म्हणते, तिला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण तेव्हा तिने ठरवलं होतं की जगात एक बाई आहे जिला हा चेहरा आहे तसाच बरोबर वाटेल." सन-जू थांबली. सिग्नेने तिला मानेने पुढे सांग म्हटलं. "ती म्हणते, ती इतक्या लांब आली ती त्या बाईला बघायला."

पिल-सुनचे तळवे अजून एकमेकांवर होते.

"मी मुलगी म्हणाले तिला," ती म्हणाली. "खाली. हे सांगितलंस का? परक्या पोरीसमोर मोठ्याने म्हणाले, माझी मुलगी."

"सांगते."

"आणि मुलगी म्हटल्यावर मग असंच बोलतात. तिला समजावून सांग. परक्याला कोण बोलतं? पंचवीस वर्षं मी बायकांना म्हणत आले, तुमची कातडी दुधासारखी आहे. अर्ध्या कुनसानला म्हटलंय. एकीची नव्हती. डबे खपवायचे म्हणून म्हणायचे. आपल्या माणसाला कुणी असं म्हणतं का? आपल्या माणसाला म्हणायचं, काय गं हे तोंड करून घेतलंस. म्हणजे मी असते ना तिथे, तर टोपी घातली असती, असं." तिने श्वास घेतला. "हे नीट सांग. घाई करू नकोस."

सन-जूने घाई केली नाही. तिने बराच वेळ घेतला, मध्ये स्वतःच्या आईचंही काही उदाहरण दिलं असावं, कारण आपल्या पोटाकडे बोट दाखवून ती हसली. सिग्ने लक्ष देऊन ऐकत होती.

"ती म्हणते, समजलं."

आणि सिग्ने पिल-सुनकडे बघून हसली. अदबशीर, ओठ मिटलेलं. हे हसू पिल-सुनने खूप वेळा पाहिलं होतं. दार अर्धं उघडून ज्या बायका आज नको म्हणायच्या, त्या असंच हसायच्या. त्यांच्याशी भांडण नसायचं. त्यांना फक्त दार लावायचं असायचं.

सिग्नेने खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला.

"ताई," सन-जू हळू आवाजात म्हणाली, "छान दिसतेस म्हणा. एवढंच म्हणा. मी विमानात वीस वर्षं या लोकांना पाहिलंय. त्यांच्यात आई मुलीला सरळ तसं म्हणते. यांना तेच लागतं."

"ते मी गिऱ्हाइकाला म्हणायचे."

"मग आज गिऱ्हाईक समजा."

सन-जूला लागट बोलायचं नव्हतं. तिला पिल-सुनच्या बसची वेळ दिसत होती, दोन बायका दिसत होत्या, आणि एक सोपं वाक्य दिसत होतं.

पिल-सुनने टोपली जवळ ओढली. डाग घालवायचं क्रीम बाहेर काढलं, उजळायचं काढलं, रात्रीचं काढलं. तिन्ही डबे नळाशेजारच्या फळीवर मांडून ठेवले. सिग्ने कोटाच्या एका बाहीत हात घालून थांबली.

"तिला सांग, हे तिला लागणार नाहीत," पिल-सुन म्हणाली. तिचा आवाज जरा वर चढला होता, आणि गोड झाला होता. दारात उभी राहून बोलायची तेव्हाचा तो आवाज होता. "म्हणावं, किती सुंदर कातडी आहे. असली मी फार थोड्या बायकांची पाहिली. हे ठिपके घालवायचे नाहीत, हे शोभतात. उन्हाने सोनं लावल्यासारखे."

वाक्य ठरलेलंच होतं. बंदरावरच्या मोठ्या हॉटेलवालीला ती हे म्हणायची, आणि हॉटेलवाली दर वेळी दोन डबे घ्यायची. फरक एवढाच की या वेळी ते खरं होतं. तिच्या स्वतःच्या कानाला तरीही ते तसंच लागलं.

सन-जूने सांगितलं. सिग्नेचा कोटातला हात तसाच राहिला. तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसले नाहीत. तिने काहीतरी विचारलं.

"ती विचारते, खरंच?"

"खरंच म्हणावं."

सिग्नेने कोट काढला, खुर्चीवर टाकला आणि ती स्टुलावर बसली. मग तिने आपण होऊन चेहरा वर केला आणि डोळे मिटले.

पिल-सुनने साधं क्रीम घेतलं. तळव्यावर पसरून गरम केलं. आणि दोन्ही हात त्या चेहऱ्यावर ठेवले.

आधी कपाळ, मधून बाहेर. मग भुवया, मग गाल, खालून वर. जबडा घट्ट होता, कानापाशी गाठीसारखा. तिने तिथे अंगठे ठेवले आणि थांबली. थोड्या वेळाने तो सुटला. डोळ्यांतून पाणी येऊन कानांकडे गेलं, क्रीमवरून ते घसरत होतं, तिने ते तसंच चोळून घेतलं. गालांवर त्या पावडरीची काही खूण उरली आहे का, हे तिची बोटं शोधत होती. सापडली नाही.

डोळ्यांखाली कातडी सुकलेली होती. रात्री झोप लागत नसणार. झोपत का नाहीस, कोण जागवतं तुला, असं तिच्या तोंडाशी आलं.

"किती मऊ," ती म्हणाली. "कापसासारखं."

सन-जूने हळूच ते सांगितलं.

ओठांच्या कडेला एक रेघ होती. दात आवळून सोसणाऱ्या बायकांना पडते ती. इतकी वर्षं काय गिळत होतीस गं बये, पाणी पीत जा, जेवतेस का वेळेवर.

"रेघ नावाला नाही. वय कळतच नाही."

सन-जूने तेही सांगितलं. सिग्ने डोळे मिटूनच हसली, आणि तिचे गाल पिल-सुनच्या हातात वर आले. दारातलं हसू नव्हतं ते. खरं होतं. पिल-सुनने हात तसेच ठेवले, गाल खाली येईपर्यंत. मांडीवर डोकं ठेवलेल्या बायका या वेळेपर्यंत बोलायला लागलेल्या असायच्या. सिग्ने बोलली नाही. पिल-सुनही जे बोलायचं ते बोलत नव्हती. खालच्या मजल्यावर नारिम कुणालातरी जपानीत काहीतरी समजावत होती. पिल-सुन एकामागून एक वाक्यं काढत राहिली, आणि सन-जू ती पलीकडे पोचवत राहिली.

मान झाल्यावर करण्यासारखं काही उरलं नाही. पिल-सुनने हात काढले.

सिग्नेने आरशात पाहिलं, बराच वेळ, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग पिल-सुनचे दोन्ही हात हातात घेऊन ती बोलत राहिली.

"ती म्हणते, तिला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. ती म्हणते, आता तिला शांत वाटतंय. पुढच्या वर्षी ती परत येईल. तुम्हाला चालेल का, विचारते."

"जरूर या," पिल-सुन म्हणाली. "केव्हाही या."

सन-जूने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग भाषांतर केलं. 'ये' काय आणि 'या' काय, इंग्रजीत ते एकच झालं.

पैसे सिग्नेने देऊ दिले नाहीत, पिल-सुनने तिला देऊ दिले नाहीत, शेवटी सन-जूने दोघींच्या हातांखालून कार्ड पुढे केलं. नारिमने मूठभर लहान पाकिटं पिशवीत फुकट घातली. सिग्नेचं हॉटेल दुसऱ्या टोकाला होतं, सन-जू तिला सोडणार होती. पिल-सुनला बसस्थानकाकडे जायचं होतं, पण ती म्हणाली, माझा रुमाल वर राहिला, तुम्ही व्हा पुढे. दारातच सिग्नेने तिला पुन्हा मिठी मारली. मग त्या दोघी गेल्या.

रुमाल पिल-सुनच्या खिशातच होता. तरी ती वर गेली. नळावर आता एक चिनी मुलगी डोळे चोळत उभी होती. पिल-सुन खिडकीशी गेली. खाली गल्ली गच्च भरली होती. सिग्ने सगळ्यांच्या वर दिसत होती. प्रत्येक दारातली मुलगी तिला हाक मारत होती आणि ती प्रत्येकीला थांबून मान लववत होती. थंडी वाढली होती. गळ्याला काही नव्हतं, कोट सताड उघडा होता, वाऱ्याने त्याच्या दोन्ही बाजू मागे उडत होत्या.

"अगं, कोटाची बटणं तरी लाव," पिल-सुन काचेला म्हणाली. "कार्टी. एवढी घोडी झाली तरी अक्कल नाही."

नारिम रिकाम्या टोपल्यांची चवड घेऊन वर आली होती. तिने मागून विचारलं, "आई, मला काही म्हणालात?"

"नाही गं," पिल-सुन म्हणाली. "तुला नाही."